पायाचे फोटो कधी छापणार?

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमची घरांची पुरवणी मी नियमित वाचतो, निवृत्त माणसाला दुसरं काय काम म्हणा, पण बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय ती आज लिहूनच टाकतो. पुरवणीत मॉड्युलर किचन असतं, फॉल्स सीलिंग असतं, बाल्कनीतली बाग असते, अधूनमधून परदेशात घर घेतलेल्या आपल्या मराठी मंडळींचा फोटो असतो, जाड जाकिटं घालून बर्फात उभी आणि मागे उतरत्या छपराचं घर. छानच असतं सगळं. पण त्या घराखाली काय आहे, ते कशावर उभं आहे, यावर एक ओळ नसते कधी. मी ठाण्यात आणि नवी मुंबईत साईट सुपरवायझर म्हणून आयुष्य काढलं, घोडबंदर रोड, वाशी, सानपाडा, पाम बीच, सगळीकडचा चिखल बुटाला लावून घरी आलोय आणि बायकोच्या शिव्या खाल्ल्यात, त्यामुळे माझं लक्ष आधी खालीच जातं, त्याला इलाज नाही.

आता लिहायला निमित्त असं की आमची लेक आणि जावई कॅनडात ओटावाच्या जवळ घर बांधतायत. तयार घेतलेलं नाही, प्लॉट घेऊन बांधतायत. इथे सकाळी नेरूळच्या ज्वेल पार्कातल्या ट्रॅकवर चालताना ही बातमी सांगितली तर पहिला प्रश्न काय येतो, "लाकडाचंच ना? मग त्याला कसला आलाय पाया?" दुसरा प्रश्न, "किती बीएचके?" तिसरा अर्थातच किती पडले. पायाबद्दल विचारणारा एकही भेटला नाही, आणि खरं सांगायचं तर तिकडे गेलेली आपली पोरंपण विचारत नाहीत, ती किचनच्या ओट्याचा दगड निवडण्यात महिना घालवतात आणि खोदाई ठेकेदारावर सोडून देतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो, छापताना काटछाट केलीत तरी चालेल.

तर लाकडी घराचं असं आहे की लाकूड वर असतं, खाली काँक्रीटच. पण आपल्याकडे पाया म्हटलं की वजन, सात मजल्यांचं नाहीतर तीस मजल्यांचं वजन जमिनीत कसं उतरवायचं हा हिशोब, तिकडे दोन मजली लाकडी घराला वजन ते काय असणार. जावयांनी ड्रॉइंग पाठवलं तेव्हा मी चाटच पडलो, अर्धा मीटर रुंदीची काँक्रीटची पट्टी, तिला ते स्ट्रिप फूटिंग म्हणतात, आणि तिच्यावर आठ इंची काँक्रीटची भिंत, कॉलम नाहीत, आणि सळई इतकी कमी की आपला फिटर बघून हसला असता. साध्या घराला त्यांचा बांधकामाचा कोड बिनसळईची पट्टीसुद्धा चालवून घेतो. मी रात्री फोन करून म्हटलं, अहो हे काय, ठेकेदार फसवतोय तुम्हाला. ते म्हणाले बाबा, इथला शत्रू वजन नाहीये, गारठा आहे.

ते कसं ते समजून घ्यायला मला दोनतीन रात्री लागल्या. थंडीत वरून जमीन गोठत खाली जाते. नुसतं पाणी गोठून फुगतं एवढंच नाही, गोठलेला थर खालच्या ओल्या मातीतून आणखी पाणी वर ओढतो आणि मातीत बर्फाच्या चकत्या तयार होतात, त्या जमीन उचलतात, आणि जमिनीबरोबर तिच्यावर जे असेल ते. आणि सगळीकडे सारखं उचलत नाहीत ही खरी भानगड. वसंतात बर्फ वितळला की माती लिबलिबीत होऊन तेच परत खाली बसतं. असं दोनचार हिवाळे झाले की भिंतीला चीर, दार लागत नाही. म्हणून फूटिंगचा तळ गोठणाऱ्या थराच्या खाली न्यायचा, ओटावाकडे गरम ठेवलेल्या घराला साधारण दीड मीटर माती वर हवी असं इंजिनिअर धरतात, गरम न केलेल्या बांधकामाला त्याहून जास्त. आता एवढं खोदायचंच आहे तर अजून थोडं खोदून खाली अख्खा मजला का काढू नये, म्हणून तिकडे घराघराला बेसमेंट. मला इतकी वर्षं वाटायचं की ही श्रीमंतीची हौस आहे.

खोदायच्या आधीची एक गोष्ट मला फार आवडली. ऑन्टारिओ प्रांतात कुदळ मारायच्या आधी एका नंबरवर फोन करावा लागतो, कायदा आहे २०१२ चा, मग गॅसवाले, वीजवाले, केबलवाले येऊन आपापली लाईन कुठून जाते ते जमिनीवर रंगाने मारून जातात आणि झेंड्या लावून जातात, घरमालकाला फुकट. आपल्याकडे लाईन कुठे आहे ते जेसीबीच्या बकेटला आधी कळतं, मग आख्ख्या सेक्टरला.

भूमिपूजन झालं, ते सांगितलं नाही तर आमच्या मंडळी पत्र टाकू देणार नाहीत. मुहूर्त कुठल्या घड्याळाचा यावर इथे दोन दिवस चर्चा, उन्हाळ्यात ओटावा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, शेवटी गुरुजी म्हणाले जिथली जमीन तिथला सूर्य. खोदाईचं मशीन तासावर भाड्याने उभं, जावई डोक्यावर हेल्मेट आणि कपाळाला गंध, नारळ फोडायला प्लॉटवर एक धड दगड मिळेना म्हणून तो मशीनच्या बकेटवरच फोडला. मशीनवाल्याने खोबरं आवडीने खाल्लं म्हणे.

आता मातीवर येतो. ओटावाच्या आसपास बऱ्याच भागात जी माती आहे तिला ते लेडा क्ले म्हणतात. हिमयुग संपताना बर्फ मागे सरकला आणि समुद्र आत घुसला, त्या समुद्राच्या तळाला बसलेला हा बारीक गाळ, म्हणजे समुद्रापासून इतक्या आत राहूनसुद्धा लेकीच्या घराखाली खाडीचीच माती. ही माती जागेवर, न हलवता, बऱ्यापैकी घट्ट लागते, पण तिला डिवचलं की तिचा पातळ चिखल होतो, कारण मूळचं मीठ हजारो वर्षांत गोड्या पाण्याने धुऊन गेलंय आणि कणांची पकड कमजोर झालीय. १९७१ साली शेजारच्या क्वेबेक प्रांतात सेंट-जीन-व्हियानी नावाच्या गावात अशीच जमीन एका रात्री वाहून गेली, चाळीसएक घरं आणि ३१ माणसं गेली. ओटावाच्या पूर्वेला लेमिऊ नावाचं गाव होतं, तिथल्या मातीचा धोका आधीच ओळखून लोकांना दुसरीकडे हलवलं आणि १९९३ मधे तिथली मोठी जमीन खरंच सरकून नदीत गेली. माणसं हलवली होती म्हणून वाचली, आणि हलवली कारण कुणीतरी बोअर मारून बघितलं होतं.

लेकीच्या प्लॉटवर तसा डोंगरउतार नाही, नदीही लांब, तो धोका नाही. पण माती तीच. तिचा सॉइल रिपोर्ट मी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यात तीन गोष्टी अशा होत्या की घराच्या डिझाईनपेक्षा त्यांना जास्त मान द्यायला हवा. एक म्हणजे खोदाईचा तळ मशीनने किंवा माणसांनी तुडवायचा नाही, शेवटचा थर हलक्या हाताने काढून त्यावर लगेच पातळ काँक्रीट टाकून घ्यायचं, म्हणजे आपण पायाखाली टाकतो ती पीसीसीच की. दुसरं, घराभोवती भराव ठराविक उंचीपेक्षा जास्त करायचा नाही, कारण भरावाच्या वजनानेच खालची चिकणमाती वर्षानुवर्षं दबत राहते आणि घराला घेऊन बसते. आणि तिसरं, घराजवळ मोठं होणारं झाड लावायचं नाही, कोरड्या उन्हाळ्यात झाडाची मुळं मातीतलं पाणी ओढून घेतात, माती आकसते आणि तेवढा कोपरा खचतो. लेकीला दारात मेपल हवा होता. तिची आई म्हणाली झाडाला नाही म्हणणारं हे कसलं सरकार, तुळस तरी लावू देतील ना.

भरावाचं वाचलं आणि मला हसावं की रडावं कळेना, कारण हेच तर आपण इथे रोज बघतो. नवी मुंबईचा खाडीकडचा भाग म्हणजे भराव, खाली काळी चिकट खाडीची माती, काही ठिकाणी कितीतरी मीटर खोल, आणि त्याच्या खाली कुठेतरी खडक. वाशीच्या जुन्या सोसायट्यांमधे जाऊन कुणीही बघावं, पाईलवर, म्हणजे खाली खडकापर्यंत उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर उभी असलेली बिल्डिंग जागच्या जागी आणि भोवतालचं अंगण खाली गेलेलं. जिन्याची पहिली पायरी आणि फरशी यांच्यात हात जाईल एवढी फट, दर पावसाळ्यानंतर सोसायटी सिमेंटने बुजवणार आणि पुढच्या वर्षी ती परत उघडणार. ड्रेनेजचा पाईप बिल्डिंगमधून बाहेर येतो बरोबर तिथेच तुटतो, कारण त्याचं एक टोक पाईलवाल्या बिल्डिंगला धरून आणि दुसरं खाली जाणाऱ्या जमिनीत. लोक प्लंबरला शिव्या देतात. आणि बसणारी माती पाईललाही धरून खाली ओढते, म्हणजे बिल्डिंगच्या वजनात मातीचं वजन फुकटचं वाढतं, हे डिझाईनमधे धरलंय का ते विचारावं लागतं. ठाण्यात घोडबंदरला तर आणखी मजा, येऊरच्या पायथ्याला चार हात खोदलं की कातळ आणि रस्ता ओलांडून खाडीच्या अंगाला गेलं की चिखल. शेजारच्या प्लॉटचा रिपोर्ट आपल्याला चालेल असं म्हणणारे महाभाग मी बघितलेत. ठाण्यात तरी असं म्हणू नये.

बरं, इन्स्पेक्टरचा प्रसंग सांगतो, पत्र लिहायचं खरं कारण तोच. ऑन्टारिओच्या बिल्डिंग कोडमधे ठरलेल्या टप्प्यांवर काम थांबवून सिटीला, म्हणजे तिथल्या महापालिकेला कळवावं लागतं, फूटिंगचं काँक्रीट टाकायला तयार झालं की एकदा, पाया पूर्ण झाला आणि बाजूला माती ढकलायच्या आधी एकदा, मग वरचा सांगाडा, इन्सुलेशन वगैरे. कळवल्यापासून सुट्टीचे वार सोडून दोन दिवसांत सिटीचा माणूस आलाच पाहिजे. आणि त्याने बघायच्या आधी झाकलंत तर उघडून दाखवा म्हणायचा अधिकार त्याला आहे. तर त्या दिवशी इथे आमच्या चहाची भांडी आवरून झालेली, तिकडे सकाळ, लेकीने व्हिडिओ कॉल लावला. फळ्या मारून झालेल्या, आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, एका कोपऱ्यात पाणी साचलं होतं ते पंपाने काढलेलं. इन्स्पेक्टर म्हणजे साधा माणूस, हातात टेप आणि टॅब, तो चारी बाजू मोजत आला आणि त्या कोपऱ्यात पट्टीच्या मधोमध बुटाची टाच दाबली. टाच आत गेली. परत दुसरीकडे दाबली, नाही गेली. तो काही ओरडला नाही, भाषण नाही, म्हणाला एवढा मऊ झालेला भाग काढा, घट्ट मातीपर्यंत जा, भरून घ्या, मग मला बोलवा. ठेकेदाराने प्लँटला फोन करून काँक्रीटची गाडी रद्द केली, त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. जावई म्हणाले बाबा दोन दिवस गेले, वर गाडी रद्द केल्याचे पैसे. मी म्हटलं जाऊ देत, पाहिजे तर माझ्याकडून घ्या.

कारण त्या टाचेच्या जागी इथे काय झालं असतं ते मला पाठ आहे. "साहेब काय होत नाय, वरून काँक्रीट पडलं की बसतं बरोबर." रात्री अकरा वाजता आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या गाड्या लाईनीत उभ्या, एक गाडी परत पाठवायची म्हणजे मालकाचा फोन, आणि सुपरवायझर पगारी माणूस. आमच्यातल्या कुणाला मऊ माती कळत नव्हती असं नाही, पण थांबवायचं कुणी? पैसे वाचवायची ज्याला गरज नाही असा तिसरा माणूस तिथे हजर असणं, इतकीच त्या इन्स्पेक्टरची करामत.

पुढचं झपाझप सांगतो. भिंती ओतल्या, फळ्या काढल्या, बाहेरून काळं डांबरी कोटिंग, त्यावर खळग्या-खळग्यांचं प्लास्टिक, आणि फूटिंगच्या कडेने चहूबाजूंनी चार इंची भोकांचा पाईप, वर सहा इंच खडी, तो आतल्या खड्ड्यात उतरतो आणि तिथून पंप पाणी बाहेर फेकतो. बेसमेंटच्या स्लॅबखाली खडी आणि प्लास्टिक, आणि तोंड बांधून ठेवलेल्या एका पाईपची सोय, जमिनीतून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू येतो तो पुढे लागला तर बाहेर काढायला. एक खबरदारी मात्र आवर्जून लिहितो, तिकडे बांधणाऱ्या पोरांनी कात्रण काढून ठेवा: वरच्या मजल्याचा लाकडी तळ बसायच्या आधी भिंतीला बाहेरून माती लावू देऊ नका. त्या उंच भिंतीला वरून धरायला तो तळच असतो, तो नसताना ओली माती ढकलली तर भिंत आत येते, आणि घाईतल्या मशीनवाल्याला खड्डा बुजवायची भारी हौस असते.

तिकडे सगळं सोन्याचं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. बेसमेंटमधे पाणी शिरल्याच्या कहाण्या तिकडेही घरोघरी आहेत. क्वेबेकमधेच ट्रोई-रिव्हिएर भागात आणि अमेरिकेत कनेक्टिकटच्या ईशान्येला हजारो घरांचे पाये अक्षरशः भुगा झाले, कारण काँक्रीटच्या खडीत पायरोटाईट नावाचं खनिज होतं, ते पाणी आणि हवा लागून वर्षानुवर्षं फुगत राहिलं. तिथे इन्स्पेक्टर होते, कागद होते, पण खडीच्या पोटात काय आहे ते कुणी बघितलं नव्हतं. आता तिथे काय करतात तर घर जॅकवर उचलून धरतात, खालचा पाया फोडून काढतात, नवा ओततात आणि घर परत खाली ठेवतात, खर्च डोळे पांढरे होतील असा. पण लाकडी घर निदान उचलता तरी येतं! आपली तीस मजली आरसीसी कोण आणि कशावर उचलणार?

पैशाचं दोन ओळीत, कारण आमच्या वयाचे बरेच आईबाप एफडी मोडून पोरांच्या घराला हातभार लावतायत. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण वर्षाला दहा लाख रुपयांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापते. तो रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो, घाबरू नका, पण तोवर तेवढे पैसे अडकतात, ठेकेदाराचा हप्ता ठरवताना ते धरा. आणि ऑन्टारिओत लायसन्सवाल्या बिल्डरकडून घर बांधून घेतलं तर टॅरिऑन या नव्या घरांची हमी सांभाळणाऱ्या संस्थेची वॉरंटी मिळते, कामातल्या दोषाला एक वर्ष, पाणी शिरणं, वायरिंग, प्लंबिंग याला दोन, मोठ्या स्ट्रक्चरल दोषाला सात. स्वतः मालक म्हणून वेगवेगळे ठेकेदार लावून बांधलंत तर ती मिळत नाही. चार पैसे वाचवायला आपली हुशार पोरं नेमकं तेच करतात.

आता इकडचं. आपल्याकडे रेरा या बिल्डरांवरच्या कायद्यात कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत स्ट्रक्चरल दोष निघाला तर बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा आहे, चांगलंच आहे. पण पाया जमिनीखाली, दोष दिसायला पाच वर्षं पुरतीलच असं नाही, आणि दिसला तरी तो पायाचा की अजून कशाचा हे सिद्ध करायला फ्लॅटवाल्याच्या हातात काय कागद आहे? महारेराच्या साईटवर दर तिमाहीला बिल्डर प्रगती टाकतो, त्या तक्त्यात खोदाई, बेसमेंट, जोतं, पुढे टक्के, १०० टक्के, झालं. शंभर टक्के काय? पाईल किती खोल गेली, खडकात किती उतरली, हे त्या टक्क्यात कुठे दिसतं? पालिकेचा जोत्याचा दाखला असतो, पण तो मंजूर नकाशाप्रमाणे लांबीरुंदी आणि मोकळ्या जागा बरोबर आहेत का हे बघण्यापुरता, आणि तोवर खालचं सगळं झाकून गेलेलं असतं.

आणि पाईलचं काम कसं चालतं ते बाहेरच्याला माहीत नसतं म्हणून सांगतो. बोअर घेताना खडक लागला की नाही, आणि लागल्यावर त्यात किती उतरायचं, हे रात्री दोन वाजता मशीनपाशी जो जागा आहे तो ठरवतो. नियमाप्रमाणे खालून आलेल्या खडकाच्या चिपा पाणी मारून धुवायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत भरायच्या, पाईल नंबर आणि खोली लिहायची, कन्सल्टंटला दाखवायच्या. चांगल्या साईटवर अशा पिशव्या ओळीने टांगलेल्या मी बघितल्यात. आणि अशीही साईट बघितली जिथे एकाच पाईलच्या चिपा चार पिशव्यांत वाटून चार नंबर टाकले होते, मी बोललो तर मला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या साईटवर पाठवलं. नाव लिहीत नाही. त्या बिल्डिंगमधे आज माणसं राहतात, लॉबीत झुंबर आहे.

हे आत्ताच का लिहितोय, तर वाशी-नेरूळला आणि ठाण्यात जिकडे बघावं तिकडे रिडेव्हलपमेंट. चार मजल्यांच्या जागी टॉवर येणार, जमीन तीच. सोसायटीच्या सभेत भांडण कशावरून, कार्पेट एरिया किती वाढणार, बिल्डरकडून रोख कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग एक की दोन. ४ जुलै २०१९ च्या जीआरप्रमाणे पीएमसी, म्हणजे प्रकल्प सल्लागार नेमतात, टेंडर काढतात, डेव्हलपमेंट अॅग्रीमेंट जाडजूड होतं, त्यात टाईल्सचा ब्रँड लिहिलेला असतो, नळाचा ब्रँड लिहिलेला असतो. पाईलच्या टेस्टबद्दल एक ओळ दाखवा मला. आयएस २९११ या भारतीय मानकात पाईलच्या लोड टेस्टचा वेगळा भागच आहे, टेस्ट होतातही, पण तो रिपोर्ट सभासदांनी मागितला तर मिळेल असं अॅग्रीमेंटमधे लिहून घ्यायला कुणाला सुचत नाही.

माझं मागणं मोठं नाही. नवी मुंबई आणि ठाणे दोन्ही महापालिकांनी पाया झाकायच्या आधी एक थांबा सक्तीचा करावा, बिल्डरच्या पगारावर नसलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने उभं राहून बघावं आणि सही करावी, आणि पालिकेने ठराविक दिवसांत माणूस पाठवला नाही तर जबाबदारी पालिकेची, नाहीतर परत फायली अडवायचं नवं दुकान उघडेल हे मलाही कळतं. बोअर लॉग (किती खोलीवर कुठली माती लागली त्याची नोंद), पाईलचं रजिस्टर, टेस्ट रिपोर्ट आणि तारखेसकट फोटो महारेराच्या त्याच साईटवर टाकावेत, जिथे आता नुसते टक्के आहेत. बिल्डर म्हणतील ग्राहकाला यातलं काय कळतं. नसेल कळत, पण ज्याला कळतं त्याला तो दाखवू शकेल ना, मी रिकामाच आहे. आणि खर्च वाढेल म्हणणाऱ्यांनी एका सॅम्पल फ्लॅटचं बिल काढून बघावं.

यावर कुणी म्हणेल की परवानगीच्या बिल्डिंगांचं काय घेऊन बसलात, २०१३ मधे शिळफाट्याला पडली त्या इमारतीला तर परवानगीच नव्हती आणि ७४ माणसं गेली. बरोबर आहे, तिथे बघणारं कुणी नव्हतंच. पण जिथे बघायला माणूस आहे, फी भरली आहे, शिक्के आहेत, तिथे तरी वेळेवर बघून होऊ दे की.

आणि तुम्हाला विनंती, पुरवणीतलं एक पान, नाही पान तर अर्धं, महिन्यातून एकदा जमिनीखालच्या गोष्टींना द्या. नवी मुंबईच्या कुठल्या नोडमधे कुठली माती, सॉइल रिपोर्ट कसा वाचायचा, सोसायटीने कुठले कागद मागायचे, परदेशात बांधणाऱ्यांनी कुठल्या टप्प्याला स्वतः हजर राहायचं. झुंबराच्या फोटोला जाहिरात मिळते आणि चिखलाच्या फोटोला मिळत नाही, ते मला कळतं. तरी बघा.

आमच्या सोसायटीतही रिडेव्हलपमेंटचं घाटतंय. बोअर लॉग, पाईल रजिस्टर आणि टेस्ट रिपोर्ट सभासदांना बघायला मिळावेत हे अॅग्रीमेंटच्या मसुद्यात घाला असं मी कमिटीला लेखी दिलंय, सेक्रेटरी म्हणाले काका आधी पार्किंगचा विषय मिटू दे, अर्जाची पोच अजून दिलेली नाही.

आपला,
एक निवृत्त साईट सुपरवायझर
नेरूळ, नवी मुंबई